बाबाजींचं घर पहिल्यांदा भाड्यानं देतानाच्या नोंदी (मोर्शी-वरुड पट्टा, जून ते सप्टेंबर २०२५)

२ जून, सोमवार

पहिले घराची स्थिती लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घर गावठाणात आहे, बाबाजींनी (माझ्या वडिलांनी) स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. समोरच्या दोन खोल्या अन् स्वयंपाकघर, न्हाणी-संडास वेगळं, दरवाजा वेगळा, मागच्या अंगाला आई अन् आम्ही राहतो. बाबाजी तीन वर्षापूर्वी गेले, तवापासून समोरचा भाग बंदच आहे. दोन बहिणी, एक अमरावतीला, एक नागपूरला.

पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नवीन सिस्टर (नर्स) आल्या, भंडारा जिल्ह्यातल्या. क्वार्टर राहण्यालायक नाही म्हणून रोज एसटीनं येणं-जाणं करून राहिल्या. नवरा अन् तिसरीतली पोरगी सोबत आणायची आहे. परवा घर पाहून गेल्या, आवडलं. भाडं ३,००० ठरलं, दुसऱ्या वर्षी ३,५००, डिपॉझिट १०,०००, करार दोन वर्षांचा. मग त्यांनीच विचारलं, "भाऊ, घर कोणाच्या नावावर आहे? नमुना ८ अन् टॅक्स पावती दाखवता का?" (नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीचा घरकराचा उतारा.) गावात भाडेकरूनं मालकाला कागद मागायची पद्धत नाही, पण त्यांचं बरोबर आहे, पैसे त्या देणार आहेत. १ जुलैपासून राहायला यायचं म्हणतात.

४ जून

ग्रामपंचायतीतून नमुना ८ काढला. मालक म्हणून अजून बाबाजींचंच नाव आहे. म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावरचं घर मी कोणत्या हक्कानं भाड्यानं देऊन राहिलो, हा प्रश्न पहिला. करार रजिस्टर करायचा असेल तर देणारा कोण ते कागदावर दिसावंच लागते. त्यामुळं क्रम असा लावला: आधी वारसांची नोंद, मग करार, मग पोलीस ठाण्यात माहिती, अन् किल्ली सर्वात शेवटी. जो कोणी हे करून राहिला असेल त्यानं भाडेकरू शोधायच्या आधी स्वतःचा नमुना ८ पाहून घ्या. आमच्या गल्लीतच किती घरं अजून आजोबाच्या नावानं आहेत ते मोजायला बसलं तर बोटं पुरणार नाहीत.

नमुना ८ म्हणजे मालकी हक्काचा पक्का पुरावा नाही हेही यात समजलं. तो कर आकारणीचा उतारा आहे. आमच्या गावात स्वामित्व योजनेचं ड्रोन मोजमाप झालेलं आहे (ही योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली), त्याची मिळकत पत्रिका (गावठाणातल्या जागेच्या मालकीचा कागद) निघालेली आहे, तीही बाबाजींच्याच नावानं. नमुना ८ वर क्षेत्र चौरस फुटात अन् मिळकत पत्रिकेवर चौरस मीटरमध्ये, पहिल्या नजरेत वाटते की आकडा चुकला. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, त्यानं गुणून पाहिलं, जुळलं. पण घर नंबर जुळत नाही. नवीन आकारणीत नंबर बदलला अन् लाइट बिलावर जुनाच आहे. करारात दोन्ही नंबर टाकायचे असं ठरवलं: "मिळकत क्र. अमुक (जुना क्र. अमुक)".

६ जून

वारस नोंदीसाठी ग्रामसेवकांनी (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावात ग्रामसेवकच म्हणतात) सांगितलेले कागद: अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार, घरपट्टी-पाणीपट्टी बाकी नसल्याची पावती. बाकी होतीच, दिवाबत्ती अन् आरोग्य कर धरून ३,४६० भरले.

अडचण नावाची. बाबाजींच्या नावापुढं मृत्यू दाखल्यात "राव", नमुना ८ वर "जी", आधारवर नुसतं नाव. विदर्भात हे घरोघरी सापडते. तिन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्रात एक परिच्छेद टाकून घेतला, वेगळं प्रतिज्ञापत्र करायची गरज पडली नाही. बहिणींच्या आधारवर सासरचं नाव, म्हणून वारसांच्या यादीत "लग्नापूर्वीचं नाव" असं लिहून दोन्ही नावं घातली. तहसीलच्या आवारात टायपिंग अन् नोटरी मिळून ७०० गेले.

७ जून

आजचा दिवस कागदाचा नव्हता तरी लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्यानं अन् गावातल्या दोघा-तिघांनी एकच सल्ला दिला, "बहिणींकडून हक्कसोड (आपला वाटा सोडल्याचा कागद) घेऊन टाक, एकट्याच्या नावानं झालं की कटकट नाही, स्टॅम्पही ५०० चाच लागते." काकाजींचंही तेच मत, "बाबू, उद्या जावई आले तं काय करशीन? आताच सही घेऊन ठेव."

मी नाही म्हटलं. बाबाजींनी मृत्युपत्र केलं नव्हतं अन् घर त्यांच्या स्वकष्टाचं, म्हणून हिंदू वारसा कायद्याप्रमाणं आई, मी अन् दोन्ही बहिणी, चौघांचे सारखे वाटे. भाडं द्यायला हक्कसोड लागत नाही, चौघांची सही लागते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे अन् गावात त्या मुद्दाम एक करून सांगतात. बहीण माहेरी आली की साडीचोळीसोबत एक कागद समोर ठेवायचा अन् "भाड्याचं काम आहे" म्हणून सही घ्यायची, हे मी स्वतः दोन घरी पाहिलेलं आहे, अन् त्या बायांना वर्षानंतर समजलं की आपण काय सोडलं. आपलं घर भाड्यानं द्यायचं म्हणून कोणाचा वाटा जाऊ देऊ नका. दोघींना फोन केला, सगळं सांगितलं, भाडं आईच्या खात्यात जाईल असं चौघांनी ठरवलं. ताई म्हणाली, "कागदावर आमचं नाव राहीन ना, मंग बस."

१८ जून

ग्रामपंचायतीची मासिक सभा होती, वारस नोंदीचा ठराव घ्यायचा होता. पाऊस पडला अन् सगळे पेरणीत, सदस्य आलेच नाही, कोरम झाला नाही, सभा तहकूब. यात कोणाला दोष द्यायचा, पेरणी थांबत नाही. पण जूनमध्ये वारस नोंदीचा अर्ज टाकणारानं हे धरून चालावं, मार्च-एप्रिलमध्ये टाकला असता तर हे झालं नसतं.

सिस्टरला १ जुलै जमणार नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या की किल्ली द्या, कागद मागून होतील. मलाही मोह झाला, घर रिकामं आहे, माणूस चांगला आहे, पोरगी शाळेत टाकायची घाई आहे. पण माणूस घरात आला की कागदाची घाई कोणालाच राहत नाही, ना मालकाला ना भाडेकरूला. नाही दिली. त्याऐवजी शाळेसाठी काय करता येते ते पाहिलं, हेडसरांशी बोललो, पोरीला प्रवेश मिळाला, तोपर्यंत ती आईसोबत एसटीनं येईल.

२३ जून

वकिलाकडं गेलो, तालुक्याला. सल्ल्याचे ५०० घेतले, वसूल झाले. जे समजलं ते माझ्या भाषेत:

गावात जो ११ महिन्यांचा नोटरी करार चालते तो कुठून आला? १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागते, म्हणून लोक एक महिना कमी करून घेतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५ म्हणते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीसाठी घर फक्त वापरायच्या परवानगीचा) करार लेखी अन् नोंदणी केलेलाच पाहिजे, मुदत काही असो. रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. केलं नाही अन् वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जाते, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. वरून मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या गावा-शहरांना लागू आहे. जे गाव त्यात नाही तिथं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. वकील साहेब म्हणाले, "यादीत गाव असो का नसो, तुम्ही दोन वर्षांचा करून राहिले ना, मंग रजिस्टर करा, दोन्ही कायद्यात तुमचा पाय पक्का राहते."

काकाजींची भीती पण त्यांच्यापुढं काढली. काकाजींचं अमरावतीला एक घर होतं, त्यातला भाडेकरू काढायला त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. आपल्याकडं तेव्हा १९४९ चा सी. पी. अँड बेरार घरभाडे नियंत्रण आदेश होता, भाडेकरूला खाली करायची नोटीस द्यायच्या आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात भाडेकरूची जी धास्ती आहे ती तिथली आहे, उगाचची नाही. ३१ मार्च २००० पासून तो आदेश जाऊन १९९९ चा कायदा आला. त्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळायला कलम २४ मध्ये वेगळी, जलद वाट आहे, सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येते, अन् मुदतीनंतर जो निघत नाही त्याच्याकडून दुप्पट दरानं पैसे मागता येतात.

दुसरी भीती, "१२ वर्षं राहिला की घर त्याचं होते." वकील म्हणाले की ते बारा वर्षांचं प्रकरण मालकाच्या विरोधात, मालकी नाकारून ठेवलेल्या ताब्याचं आहे. आपल्या परवानगीनं, भाडं देऊन राहणाऱ्याला ते लागू होत नाही. पण परवानगी होती हे दाखवायला कागद तर पाहिजे.

१ जुलै

करारनाम्याचा मसुदा. एका सेंटरवरून तयार फॉरमॅट आणला होता, रात्री आई अन् मी बसून वाचला, निम्मा कापला. त्यात होतं: मालक केव्हाही घरात येऊन पाहणी करेल. कापलं, "एक दिवस आधी सांगून, दिवसाउजेडी" असं केलं. घरात बाई अन् लहान पोरगी राहणार आहे, केव्हाही म्हणजे काय. मांसाहार करू नये, ते कापलं. १५ दिवसांत घर खाली करून द्यावं, तिथं दोन्हीकडून एक महिन्याची लेखी नोटीस केली, कारण बाईची बदली होऊ शकते अन् आम्हालाही कधी गरज पडू शकते. डिपॉझिट "योग्य वेळी" परत करण्यात येईल, ते कापून "घर ताब्यात मिळाल्याच्या दिवशी, बाकी वजा करून" असं स्पष्ट केलं.

नवीन टाकलं ते असं: वस्तूंची यादी (पंखे ३, ट्यूब ४, नळ ५, गॅस ओटा, दोन कुलपं), रंग घासला तर कोण देणार, मोटर जळली तर कोण देणार, कवेलू (कौलं) बदलायचे तर कोण देणार. मागच्या बाजूला कवेलू आहेत अन् माकडं दर उन्हाळ्यात फोडतात, तो खर्च आमचा असं लिहून दिलं.

१६ जुलै

सभा झाली, ठराव झाला. नमुना ८ वर चौघांची नावं लागली. मिळकत पत्रिकेच्या वारस नोंदीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात वेगळा टाकावा लागते, तो टाकला, पोच घेतली. त्याच्यासाठी करार थांबवला नाही, वकिलानं सांगितलं की ठराव, नवीन नमुना ८ अन् मृत्यू दाखला जोडा.

१९ जुलै

भाडेकरूची पडताळणी. आम्ही मागितलेलं: आधारची मास्क केलेली प्रत (फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, साइटवरून तशीच डाउनलोड होते, झेरॉक्समध्ये पूर्ण नंबर फिरत राहत नाही), बदलीचा आदेश, आधीच्या घरमालकाचा फोन, दोघा नवरा-बायकोचे फोटो. आधीच्या घरमालकाला फोन केला, भाडं वेळेवर देत होते म्हणाला.

आम्ही त्यांना दिलेलं: नवीन नमुना ८, कर पावती, ठरावाची प्रत, लाइट बिल.

गावात मात्र एकच प्रश्न, "कोन जातीची हाय?" पारावर विचारलं, दुकानात विचारलं, पाहुण्यांनी विचारलं. सिस्टरनं आजच सांगितलं की आमच्या आधी गावात दोन घरं पाहिली होती, दोन्हीकडं बोलणं ठरलं अन् आडनाव ऐकल्यावर घर "भावाला द्यायचं आहे" झालं. जी बाई रात्री दोन वाजता आपल्या घरच्या बाळंतपणाला धावते तिला राहायला आपल्या गावात खोली मिळत नाही, याची मला लाज वाटते अन् राग पण येते. पडताळणी म्हणजे ओळख, नोकरी, जुना पत्ता, एवढंच. कोणत्याच कायद्यात, कोणत्याच फॉर्मात घरमालकानं जात विचारायची जागा नाही. आईनं एका वाक्यात विषय संपवला, "मले बीपीची गोळी देते ना ते, मंग राहीन ते."

२५ जुलै

लिव्ह अँड लायसन्सच्या मुद्रांक शुल्काचा हिशोब. हा एजंट लोक सांगत नाही, नुसता आकडा फेकतात, म्हणून मांडून ठेवतो. पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, त्या बेरजेवर ०.२५ टक्के.

पहिलं वर्ष ३,००० × १२ = ३६,०००. दुसरं ३,५०० × १२ = ४२,०००. मिळून ७८,०००. डिपॉझिट १०,००० चं दोन वर्षांचं २,०००. एकूण ८०,०००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २००. ग्रामीण भागासाठी नोंदणी फी ५००. म्हणजे सरकारी मिळून ७००, वर डॉक्युमेंट हँडलिंगचे थोडे.

तालुक्यातल्या एका एजंटनं याच कामाचे ३,५०० सांगितले होते, वर "साहेबाचे वेगळे". सोडून दिलं. दुसरा एक पोरगा ऑनलाइन ई-रजिस्ट्रेशन करून देते, घरी थम मशीन अन् वेबकॅम घेऊन येते, त्याचे १,२००. त्याला पक्कं केलं. ई-रजिस्ट्रेशनमध्ये सगळे एका जागी नसले तरी चालते, टोकन एकच, ज्यानं त्यानं आपापल्या जागी अंगठा द्यायचा. तरी राखीला दोघी बहिणी येणारच होत्या, म्हणून तेव्हाच करायचं ठरवलं.

सरकारी चलान ग्रासवर (सरकारी पैसे भरायच्या पोर्टलवर) स्वतः भरा. पावती आपल्या नावाची राहते अन् नेमके किती गेले ते समजते.

९ ऑगस्ट, शनिवार (राखी)

सकाळी ओवाळणं झालं, दुपारी पोरगा मशीन घेऊन आला. माझा अंगठा लागला, दोघी बहिणींचा लागला, सिस्टरचा लागला. आईचा लागला नाही. अंगठा, तर्जनी, दुसरा हात, हात धुऊन, तेल पुसून, ओलं फडकं लावून, सगळं केलं, प्रत्येक वेळी आधारकडून नकार. चाळीस वर्षं कापूस वेचला, निंदण केलं, बोटावरच्या रेषा झिजून गेल्या. रेशन दुकानातही तिचं असंच होते. आई हिरमुसली, तिला वाटलं तिच्यामुळं काम अडलं.

पोरगा म्हणाला, "काकूंचं नाव काढून टाका, तिघांच्या नावानं करून देतो, पाच मिनिटात होते." हाच तो सल्ला जो ऐकायचा नाही. ज्या बाईचं घर तिचंच नाव मशीनला बोट समजत नाही म्हणून काढायचं का? ऑनलाइनचा मार्ग सोडला. दुय्यम निबंधक कार्यालयात समोर जाऊन दस्त नोंदवायची जुनी पद्धत आहेच, तिथं आधारशी अंगठा जुळला नाही तरी ओळख पटवणारे दोन माणसं घेऊन जाता येते. पोरानं भलेपणानं रविवारी बसून सगळी माहिती पब्लिक डेटा एन्ट्रीत (दस्ताची माहिती आधीच ऑनलाइन भरायची सोय) भरून दिली, सोमवारची वेळ घेतली. त्याचे वेगळे पैसे त्यानं मागितले नाही, मीच ३०० दिले.

आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट करून घ्यायचं आईचं काम यादीत टाकलं. ज्यांच्या घरी शेतात राबलेली म्हातारी माणसं आहेत त्यांनी नोंदणीच्या आधी महिनाभर हे तपासून घ्यावं, आधी समजलं तर मार्ग निवडता येते.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी साडेनऊला निघालो, आई, दोघी बहिणी, मी, सिस्टर, अन् ओळख पटवायला चुलतभाऊ अन् शेजारचे मास्तर. मास्तरांनी आधार आणलं नव्हतं, मतदान कार्डावर भागलं. ओळख पटवणारानं स्वतःचं ओळखपत्र मूळ आणावं लागते, हे आधीच सांगून ठेवा.

दस्त तपासताना दोन त्रुटी निघाल्या. मिळकतीच्या चतुःसीमा लिहिल्या नव्हत्या, अन् ताईचं नाव एका पानावर माहेरचं अन् एका पानावर सासरचं. जागेवर दुरुस्त करून पानं पुन्हा प्रिंट केली, बाजूच्या दुकानात ८० रुपये. मग सर्व्हर बंद पडला. दुपारी दोन वाजता बंद, सव्वाचारला सुरू. नागपूरच्या बहिणीची गाडी होती, तिनं नवऱ्याला फोन करून राहायचं सांगितलं. आई बाकावर बसून राहिली, उठून गेली नाही, म्हणाली सही झाल्याशिवाय चहा पण नको.

पावणेपाचला फोटो झाले, साध्या अंगठ्यांचे ठसे झाले, दस्त नोंदला गेला. सूची क्रमांक २, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, तो अन् दस्ताची प्रत त्याच दिवशी मिळाली. मुदत १५ ऑगस्ट २०२५ ते १४ ऑगस्ट २०२७. तिथंच एक प्रत सिस्टरच्या हातात दिली. मूळ आमच्याकडं, स्कॅन सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर.

१३ ऑगस्ट

भाडेकरूची माहिती पोलिसांना. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर फॉर्म आहे, मालकाचा फोटो, भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, घराचा पत्ता. करारनामा जोडताना फाइल मोठी झाल्यामुळं अपलोड होत नव्हती, मोबाइलच्या स्कॅनरमध्ये क्वालिटी कमी करून पुन्हा काढली तेव्हा लागली. ठाण्यात पण प्रत दिली, आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घेतला. जिल्ह्यात याबद्दल आदेश निघालेला असेल अन् मालकानं माहिती दिली नाही तर गुन्हा मालकावर होते. आधी भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. काही लोकांना वाटते की सरकारी नोकरीवाला भाडेकरू असला की याची गरज नाही. तशी सूट कुठं वाचण्यात आली नाही.

१५ ऑगस्ट

किल्ली दिली. मीटरच्या रीडिंगचा फोटो, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, वस्तूंच्या यादीवर दोघांच्या सह्या. डिपॉझिट आईच्या खात्यावर आलं, रोख नाही. त्याची पावती वेगळी लिहून दिली.

२३ ऑगस्ट (तान्हा पोळा)

लाइटचं प्रकरण. एकाच मीटरवर दोन घरं चालली की युनिट एकत्र मोजले जाते, १०० युनिटच्या वर गेलं की पुढचे युनिट महागाच्या स्लॅबमध्ये. त्यात कोणी किती द्यायचे यावरच भाडेकरू-मालकाचं बिघडते. म्हणून वेगळं मीटर घ्यायचं. ए-१ फॉर्म (नवीन कनेक्शनचा अर्ज), लायसनधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, नमुना ८, कर पावती, आणि आम्हा तिघांची आईच्या नावे कनेक्शन द्यायची संमती. नमुना ८ आधी नीट करून ठेवला म्हणून इथं काहीच अडलं नाही. तोपर्यंत सबमीटर लावलं, दर १ तारखेला रीडिंगचा फोटो दोघांच्या मोबाइलवर.

जुन्या मीटरवर अजून बाबाजींचं नाव आहे, तो नाव बदलाचा अर्ज वेगळा दिला.

सिस्टरनं करारनाम्याची प्रत ऑफिसात दिली, मुख्यालयी राहत असल्याचा पुरावा म्हणून. पोरीच्या शाळेत अन् गॅसच्या पत्त्याला पण तोच कागद चालला. रजिस्टर करार फक्त मालकाच्या कामाचा आहे असं गावात समजतात, इथं तर भाडेकरूनं त्याचा आमच्यापेक्षा जास्त वापर केला.

६ सप्टेंबर

पहिलं भाडं आलं, ऑनलाइन. पावती देतो दर महिन्याला, ३,००० ची आहे म्हणून रेव्हेन्यू स्टॅम्प लागत नाही, तो ५,००० च्या वर लागते.

आयकराचं विचारून घेतलं. घर चौघांचं, वाटे ठरलेले, म्हणून भाडं चौघांच्या उत्पन्नात ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणं धरायचं, पैसे एकाच खात्यात गेले तरी. घरपट्टी वजा करून उरलेल्यावर दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, पावत्या दाखवाव्या लागत नाही. आमच्या आकड्यात कोणालाच याच्यामुळं जास्तीचा कर येत नाही, पण माझ्या रिटर्नमध्ये मी माझा वाटा दाखवणार आहे.

खर्च आतापर्यंत: कर थकबाकी ३,४६०, प्रतिज्ञापत्र ७००, वकील ५००, मुद्रांक अन् नोंदणी ७००, ऑनलाइनवाला पोरगा १,५००, हँडलिंग, प्रिंट, झेरॉक्स, फोटो मिळून ६५० च्या आसपास, तालुक्याला जाण्या-येण्याचं पेट्रोल वेगळं. थकबाकी तशीही भरायचीच होती. मीटरचं कोटेशन अजून यायचं आहे.

१९ सप्टेंबर

आधार केंद्रावर आईचं बायोमेट्रिक अपडेट केलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं नीट आली, ऑपरेटरनं सांगितलं की यापुढं अंगठ्याऐवजी तीच द्या. रेशन दुकानात त्याच बोटावर पहिल्यांदा लागलं.

मिळकत पत्रिकेवर चौघांची नावं अजून चढली नाही, अर्जाची पोच फाइलमध्ये आहे, दिवाळीच्या आधी पुन्हा जाऊन येतो. १५ जुलै २०२७ ची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवली, तेव्हा सिस्टरला विचारायचं की पुढं राहता का, म्हणजे नवीन करार मुदत संपायच्या आधी रजिस्टर होईल.